सोपी वाट कोणी बांधली? शिरवळपासून महाबळेश्वरच्या धबधब्यांपर्यंतचा एक धागा

१/
पावसाळा सुरू झाला की एक प्रश्न दर शनिवारी हमखास विचारला जातो : “लहान मुले आणि आजी-आजोबा सोबत आहेत; फार चढ नसलेला एखादा धबधबा सुचवा.” उत्तरांतली नावेही ठरलेली असतात. बनेश्वर, लिंगमळा, धोबी, चायनामन. आज याच प्रश्नाच्या पोटात दडलेला दुसरा प्रश्न घेऊ. या वाटा मुळात सोप्या का आहेत? सह्याद्रीचा कडा आपण होऊन कोणाला पायऱ्या करून देत नाही. मग कड्यावरच्या पाण्यापर्यंत जाणारी रुंद, बेताच्या उताराची वाट कोणी बांधली, आणि कोणाच्या श्रमातून?

२/
आरंभ शिरवळपासून करू, कारण हे रस्त्याचे गाव आहे. नीरा नदीच्या काठी, पुणे आणि सातारा या जिल्ह्यांच्या सीमेवर ते वसले आहे. गावाजवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. नीरेच्या काठी सुभानमंगळ हा भुईकोट होता. १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी आदिलशाही फौजेने तो घेतला आणि कावजी मल्हार यांनी तो शिवाजी महाराजांसाठी परत जिंकला. देशावरून घाटाकडे जाणारा माणूस येथे नदी ओलांडत असे. म्हणूनच कोट येथे होता आणि लढाईही येथेच झाली.

३/
पाण्याच्या दृष्टीने मात्र शिरवळ-खंडाळ्याचा हा पट्टा गरीब. तो पर्जन्यछायेत येतो. येथून रस्त्याने सुमारे ७० किलोमीटरवरच्या महाबळेश्वरी वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तीच सर खंबाटकीपर्यंत येता येता दमून जाते. त्यामुळे शिरवळकराला धबधबा पाहायचा तर पश्चिमेची वाट धरावी लागते. एक वाट उत्तरेला नसरापूरकडे वळते आणि दुसरी खंबाटकी ओलांडून, वाईवरून, पसरणीच्या घाटाने वर चढते. या दोन वाटांवर धबधब्याचे दोन निरनिराळे इतिहास भेटतात.

४/
पहिली वाट बनेश्वरची. शिरवळहून पुण्याच्या दिशेला साधारण वीस किलोमीटरवर, चेलाडी फाट्यावरून आत नसरापूर लागते. गावाबाहेरच्या वनराईत महादेवाचे मंदिर, त्यापुढे पाण्याची कुंडे आणि मागे शिवगंगा नदीचा छोटा धबधबा. मंदिर अठराव्या शतकाच्या मध्यावरचे, नानासाहेब पेशव्यांच्या काळातले. येथे चढ नाही की घसरडी कडा नाही. दर्शन घ्यावे, झाडीतून थोडे चालावे, पाण्याचा आवाज ऐकावा. सातव्या वर्षाच्या नातवाला आणि सत्तरीच्या आजीला सारखीच झेपणारी ही वाट आहे.

५/
बनेश्वरला गेलात तर मंदिरातली घंटा जरूर पाहा. तिच्यावर १६८३ हे इसवी सनाचे वर्ष आहे. मंदिर नंतरचे आणि घंटा आधीची, हे कसे? तर ती मूळची पोर्तुगीज चर्चची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतल्या घंटा देशावरच्या अनेक देवळांत आल्या. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यापाशी कृष्णेच्या घाटावर टांगलेली घंटा याच कुळातली. सहलीची जागा म्हणून आपण ज्या आवारात डबा उघडतो, तेथे समुद्रावरच्या एका युद्धाचा पुरावा टांगलेला असतो.

६/
बनेश्वराच्या वाटेचे वैशिष्ट्य असे की ती धबधबा पाहण्यासाठी बांधलेली नाही; ती देवासाठी बांधलेली आहे. आपल्याकडे वाहत्या पाण्याशी जुने नाते तीर्थाचे. पाण्यात उतरावे, स्नान करावे, गोमुखाखाली ओंजळ धरावी. म्हणून पाण्याजवळ कुंड, घाट आणि पायऱ्या येतात. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरातही कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या नद्यांचे पाणी एकत्र आणून गोमुखातून सोडले आहे. दूर उभे राहून कोसळते पाणी नुसते न्याहाळणे आणि त्यासाठी खास वाट आखणे, ही कल्पना या डोंगरावर पुढे आली. ती कशी, हे पाहण्यासाठी आता दुसऱ्या वाटेला लागू.

७/
१८१८ साली पेशवाई संपली. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले. त्याची उत्तर सीमा नीरा, दक्षिणेला कृष्णा-वारणा आणि पश्चिमेला सह्याद्री. म्हणजे नीरेच्या उत्तर तीरावर कंपनीचा मुलूख आणि दक्षिण तीरावर छत्रपतींचे राज्य, असा ढोबळ मामला होता. महाबळेश्वरचा डोंगर या राज्यात येत होता. कंपनीचा रेसिडेंट साताऱ्यात बसत असे आणि त्याच्या सल्ल्याचे वजन किती असे, हे वेगळे सांगायला नको.

८/
१८२४ साली पीटर लॉडविक हा लष्करी अधिकारी या डोंगरावर चढला. वर जाणारा तो पहिला युरोपीय, असे इंग्रजी वर्णने सांगतात. पर्यटनाच्या पुस्तिकांत याचेच पुढे “महाबळेश्वरचा शोध” होते. पण ज्या पठारावर क्षेत्राचे प्राचीन देऊळ होते, ज्याच्या कुशीत जावळीच्या मोऱ्यांचे राज्य नांदले, १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेऊन जेथे प्रतापगड उभारायला घेतला, त्याचा शोध १८२४ मध्ये लागला असे कसे म्हणावे? शोध लागला तो थंड हवेचा. दख्खनच्या उन्हाळ्याने जेरीस आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना तिची गरज होती. त्याच दशकात हिमालयात सिमला आणि निलगिरीत उटकमंड हीही ठाणी आकार घेत होती.

९/
डोंगर सापडला, पण वर जाण्याला रस्ता नव्हता. १८२६ साली रेसिडेंट जॉन ब्रिग्ज वर येऊन राहिला आणि साताऱ्याहून गाडीरस्ता बांधण्याचा आग्रह त्याने महाराजांकडे धरला. रस्ता झाला तो साताऱ्याच्या राज्याकडून. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम (कार्यकाळ १८२७ ते १८३०) याने येथे आरोग्यस्थान वसवण्याचे मनावर घेतले. वस्तीला नाव मिळाले माल्कमपेठ. पेठेचे नाव गव्हर्नराचे, वर नेणारा रस्ता मात्र छत्रपतींनी बांधून दिलेला.

१०/
आता या धाग्यातला शिरवळकरांच्या जवळचा मुद्दा. डोंगर साताऱ्याच्या राज्यात, तेव्हा तो कंपनीला मिळाला कसा? १८२९ साली अदलाबदल झाली. महाराजांनी महाबळेश्वरची जागा दिली आणि बदल्यात कंपनीने आपल्या ताब्यातले वाईकडचे खंडाळा हे गाव त्यांना दिले. लोणावळ्याशेजारचे खंडाळा हे नव्हे. हे खंबाटकीच्या पायथ्याचे खंडाळा, ज्याच्या नावाच्या तालुक्यात आज शिरवळ येते. पावसाळ्यात शिरवळहून महाबळेश्वरला निघालेली प्रत्येक गाडी ज्या गावावरून जाते, त्याच गावाच्या बदल्यात महाबळेश्वर दिले गेले.

११/
या व्यवहारातल्या दोन बाजूंचे पुढे काय झाले? कंपनीने १८३९ साली प्रतापसिंह महाराजांना कटाचा आरोप ठेवून पदच्युत केले आणि काशीला पाठवले. १८४७ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेला जाऊन वर्षानुवर्षे झगडले. महाराजांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ साली निवर्तले आणि दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झाले. ज्याने डोंगर दिला आणि रस्ता बांधला, त्याचे राज्य वीस वर्षांच्या आत नकाशावरून पुसले गेले.

१२/
रस्ता वर पोहोचला, बंगले उठले. पण “पॉइंट” ते “पॉइंट” जाणाऱ्या वाटा कोणी तोडल्या? येथे या डोंगराच्या इतिहासातली फारशी न सांगितली जाणारी माणसे येतात. १८३० च्या दशकात महाबळेश्वरी एक तुरुंग उभा राहिला. त्यातले कैदी सातारचे नव्हते की कोकणचे नव्हते. ते चिनी आणि मलायी होते. पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर या समुद्रापलीकडच्या ठाण्यांतून त्यांना शिक्षा म्हणून इकडे पाठवले होते. हा तुरुंग १८६४ पर्यंत चालला.

१३/
समुद्रापलीकडची ही ठाणी १८६७ पर्यंत हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सरकारच्याच अखत्यारीत होती, त्यामुळे कैद्यांची ने-आण एकाच राज्ययंत्रात होत असे. शिक्षेचे तत्त्व असे की माणसाला त्याच्या भाषेपासून, माणसांपासून आणि मातीपासून तोडावे. म्हणून हिंदुस्थानातले कैदी सिंगापूरला जात. तेथील सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल १८५० आणि १८६० च्या दशकांच्या सांध्यावर हिंदी कैद्यांनीच बांधले. आणि तिकडचे चिनी कैदी सह्याद्रीवर आणि निलगिरीत येत. आपल्यासाठी जे काळे पाणी, त्याच पाण्याच्या पलीकडच्यांसाठी महाबळेश्वर हे काळे पाणी होते.

१४/
या कैद्यांनी काय केले? ब्रिटिशकालीन वर्णने येथे एकमुखी आहेत. ठाण्यातल्या रस्त्यांचे बरेचसे काम त्यांच्या हातचे. बटाट्याची आणि विलायती भाज्यांची लागवड त्यांनी रुजवली. शिक्षा संपत आलेल्या काहींना परवान्यावर बाहेर राहून बागाईत करण्याची मुभा असे. महाबळेश्वरची ओळख आज स्ट्रॉबेरीची आहे; पण या डोंगरउतारावर वाफे करून विकण्याजोगे पीक काढण्याची रीत लावणाऱ्यांत हे परदेशी कैदी होते. आज ज्या उतारावरून आपण मुलाचे बोट धरून सहज चालत जातो, तशा वाटांचा उतार कोणी तरी बेडीच्या सावलीत काढला आहे.

१५/
म्हणूनच गावाच्या दक्षिणेला, कोयनेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या धबधब्याला “चायनामन फॉल्स” म्हणतात. त्याच्या आसपास चिनी माळ्यांच्या बागा होत्या. “चायनामन” हा इंग्रजी शब्द आज हिणकस मानला जातो. क्रिकेटमधल्या डावखुऱ्या मनगटी फिरकीसाठी तो वापरणे ‘विस्डेन’ने २०१८ साली सोडले. मग धबधब्याचे नाव बदलावे काय? माझे मत असे की आधी कारण सांगणारा फलक लावावा. कारण या माणसांचे दुसरे ठळक स्मारक डोंगरावर नाही. नाव गेले तर उरलेला दुवाही जाईल.

१६/
दुसरे नाव धोबी धबधब्याचे. एल्फिन्स्टन पॉइंट आणि लॉडविक पॉइंट यांना जोडणाऱ्या बाजूला, झाडीत लपलेला हा प्रवाह. नाव सरळ आहे : येथे कपडे धुतले जात. थंड हवेच्या ठाण्याचे वर्णन वाचताना आपल्याला मेजवान्या, घोडेस्वारी आणि गव्हर्नराची स्वारी दिसते. त्या ऐषारामाला रोज धुतलेले कपडे, वाहून आणलेले पाणी, फोडलेली लाकडे आणि खांद्यावरच्या पालख्या लागत. त्या सगळ्या कामकऱ्यांपैकी एका जातीचे नाव एका धबधब्याला चिकटून राहिले, एवढेच.

१७/
आणि ज्यांची नावे धबधब्यालाही मिळाली नाहीत, तेही होते. धावड समाज या डोंगरावर दगडातून लोखंड गाळत असे. भट्टीला कोळसा लागतो आणि कोळशाला जंगल. जंगलावर सरकारी निर्बंध आले तशा भट्ट्या विझल्या. धनगर म्हशी राखत, कोळी आणि कुळवाडी डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवत. जंगल राखले गेले म्हणून आपल्याला आज हिरवा घाट दिसतो, हे खरे. त्या राखण्याची किंमत कोणी मोजली, हेही तितकेच खरे.

१८/
आता सर्वांच्या आवडीचा लिंगमळा. हा वेण्णा नदीचा धबधबा. वर जे वेण्णा तळे आहे, ज्यात आपण नावा वल्हवतो, ते १८४२ साली छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतले. तळ्याखालून वाहत गेलेली वेण्णा लिंगमळ्याला कड्यावरून कोसळते आणि पुढे संगम माहुलीला कृष्णेला मिळते. कड्याच्या अलीकडे एक छोटा, उथळ प्रपात आहे आणि पुढे मोठा कडा. कुटुंबे पहिल्यापाशी रमतात आणि दुसरा वरून पाहतात.

१९/
लिंगमळ्याचा आणखी एक विसरलेला अध्याय : १८६० च्या दशकात येथे सरकारी सिंकोना मळा होता. सिंकोना हे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले झाड. त्याच्या सालीपासून हिवतापावरचे क्विनीन निघते. क्लेमेंट्स मार्कहॅम याने १८६० च्या सुमारास ती रोपे हिंदुस्थानात आणली. निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे लागवड फळली. लिंगमळ्यातला प्रयोग फसला आणि १८७० च्या दशकात सोडून दिला गेला. म्हणजे आपल्या सहलीच्या वाटेवर अँडीजचे झाड, चीनचा माळी आणि साताऱ्याचे तळे, असे सगळे एका मैदानात येऊन गेले आहे.

२०/
एक गंमतीची गोष्ट. ज्या इंग्रजांनी “पॉइंट” आखले, त्यांनी हे धबधबे भर पावसात क्वचितच पाहिले असतील. त्यांचा हंगाम उन्हाळ्याचा आणि पुन्हा ऑक्टोबरचा. पाऊस लागण्याच्या आधी सगळा कारभार डोंगर उतरत असे आणि बंगले गवताच्या ताट्यांनी शाकारून बंद होत. जुलैतला कोसळता लिंगमळा पाहत असत ते वरच राहणारे धनगर, कोळी, धावड. पावसात मुद्दाम डोंगरावर जाऊन भिजणे, ज्याला आपण आज “वर्षा पर्यटन” म्हणतो, ती गोऱ्या साहेबाची देणगी नव्हे. वाट त्यांच्या काळातली. ऋतू आपण निवडला.

२१/
आणि म्हणूनच एक व्यावहारिक सूचना. ऑक्टोबरच्या निवांत फेरफटक्यासाठी आखलेली वाट जुलैत तितकीच सोपी राहत नाही. लिंगमळ्यात छोट्या प्रपातापाशीच थांबावे. वरच्या बाजूला पाऊस झाला की पाणी अचानक वाढते. कठड्यापलीकडे मुलाला फोटोसाठी उभे करू नये. चायनामन आणि धोबीकडे जाताना दिवसाउजेडी परतण्याचा हिशेब ठेवावा आणि वाट बंद असल्याचा फलक दिसला तर निमूट मागे फिरावे. अगदी लहान मुले सोबत असतील तर बनेश्वरच उत्तम. पाणी जास्त असेल तेव्हा तेथेही काठावरून पाहावे.

२२/
आता पहिल्या प्रश्नाकडे. सोपी वाट कोणी बांधली? बनेश्वरची पेशव्यांच्या काळातल्या भक्तीने. महाबळेश्वरी चढणारी पहिली गाडीवाट पुढे स्वतःच पदच्युत झालेल्या छत्रपतींनी. माथ्यावरच्या वाटा मोठ्या प्रमाणावर समुद्रापलीकडून आणलेल्या कैद्यांनी. डोंगरावर लॉडविकच्या नावाचा पॉइंट आहे, त्याच्या मुलाने उभारलेला स्तंभही आहे. माल्कमच्या नावाची पेठ होती. कैद्यांपैकी एकाचेही नाव नकाशावर नाही. आहे ते फक्त त्यांच्या देशाचे, तेही हिणवणाऱ्या शब्दात.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक पद्धत शिकता येते. दफ्तरे राजे, रेसिडेंट आणि गव्हर्नर यांच्याबद्दल भरभरून बोलतात. ज्यांनी घमेले उचलले त्यांच्यासाठी बहुधा स्थलनामाकडे, वाटेच्या उताराकडे, शेताच्या वाफ्याकडे पुरावा म्हणून पाहावे लागते. “धोबी”, “चायनामन”, “लिंगमळा” हे शब्द नकाशावरच्या खुणा आहेत तसेच ते एकेका ओळीचे दस्तऐवजही आहेत. नकाशाच्या ॲपवर त्यांना फक्त तारांकने मिळतात. त्यांचे वाचन आपल्यालाच करावे लागेल.

२४/
पुढच्या वेळी शिरवळहून निघाल्यावर खंडाळा आले की गाडीतल्या मुलांना सांगा : या गावाच्या बदल्यात महाबळेश्वर दिले गेले. वर पोहोचून धबधब्याच्या वाटेला लागाल तेव्हा त्यांना विचारू द्या की याला असे नाव का पडले. आणि तुमच्या गावाजवळच्या एखाद्या ओढ्याला, धबधब्याला किंवा घाटाला असे कोड्यात टाकणारे नाव असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यामागची गोष्ट विचारून या धाग्याखाली जरूर लिहा. त्यातल्या निवडक नावांवर पुढचा धागा लिहीन.